२६९-२६९ झाले तर?

प्रश्न : अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत दोघांना सारखीच मते पडली, तर फेरमतदान होते की चिठ्ठी टाकतात? आणि असे खरेच घडू शकते का?

उत्तर : फेरमतदानही नाही, चिठ्ठीही नाही; पण बरोबरी खरेच होऊ शकते. अध्यक्ष थेट जनता निवडत नाही, राज्याराज्यांतले इलेक्टर (निर्वाचक प्रतिनिधी) निवडतात. इलेक्टर एकूण ५३८, म्हणजे सम संख्या; जिंकायला २७० लागतात. २०२४ मध्येच बघा. पराभूत उमेदवार कमला हॅरिस यांनी जिंकलेल्या २२६ इलेक्टर-मतांत पेनसिल्व्हेनिया (१९), मिशिगन (१५) आणि विस्कॉन्सिन (१०) मिळवली असती, तर बेरीज नेमकी २७० झाली असती. त्यातले नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा परिसराचे एक मत निसटून प्रतिस्पर्ध्याकडे गेले की २६९-२६९! नेब्रास्का आणि मेन ही दोनच राज्ये काही मते मतदारसंघवार देतात (बाकीकडे सगळी मते राज्यातल्या विजेत्यालाच), म्हणून त्या एका मताला एवढा भाव.

बरोबरी झाली की ६ जानेवारीच्या मोजणीनंतर निवड प्रतिनिधिगृहाकडे, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाकडे जाते. तेही ३ जानेवारीला बसलेल्या नव्या सभागृहाकडे. खरी मेख पुढे आहे. तिथे ४३५ सदस्य एकेक मत देत नाहीत, प्रत्येक राज्याला एकच मत. कॅलिफोर्नियाचे ५२ सदस्य मिळून एक आणि वायोमिंगचा एकटा सदस्यही एक. राजधानी वॉशिंग्टनला इलेक्टर तीन आहेत, पण इथे मत शून्य. जिंकायला २६ राज्ये हवीत. म्हणून सभागृहात बहुमत कोणाचे हे विचारू नका, किती राज्यांच्या सदस्यांत कोणाचे बहुमत आहे ते मोजा. एखाद्या राज्याचे सदस्य समसमान विभागले, तर त्या राज्याचे मत वाया जाते.

उपाध्यक्ष मात्र सिनेट, म्हणजे वरिष्ठ सभागृह निवडते. तिथे प्रत्येक सदस्याला एक मत, ५१ मते हवीत. अध्यक्ष एका पक्षाचा आणि उपाध्यक्ष दुसऱ्याचा, हेही त्यामुळे शक्य आहे.

प्रश्न : पूर्वी असे झाले आहे का?

उत्तर : १८०० च्या निवडणुकीत. तेव्हा इलेक्टर दोन मते देत, पण कोणते अध्यक्षपदासाठी आणि कोणते उपाध्यक्षपदासाठी हे वेगळे नोंदवायची सोय नव्हती. परिणामी अध्यक्षपदाचे उमेदवार थॉमस जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार आरन बर यांना प्रत्येकी ७३ मते पडली. सभागृहात १६ पैकी ९ राज्ये हवी होती. जेफरसन ८ वर अडले, कारण व्हरमाँट आणि मेरीलँड आतून दुभंगलेले होते. छत्तिसाव्या फेरीत काही विरोधकांनी मतदान टाळले, तेव्हा कुठे १७ फेब्रुवारी १८०१ रोजी निकाल लागला. १८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने दोन पदांची मते वेगळी केली. १८२५ मध्येही निवड सभागृहानेच केली, पण ती बरोबरी नव्हती. चौघांत कोणालाच बहुमत नव्हते.

प्रश्न : सभागृहातही २६ जमलेच नाहीत तर?

उत्तर : फेऱ्या चालू राहतात. २० जानेवारीच्या दुपारी १२ पर्यंत निर्णय झाला नाही, तर सिनेटने निवडलेला उपाध्यक्ष हंगामी अध्यक्ष होतो. तोही ठरला नसेल, तर प्रतिनिधिगृहाचे सभापती. पण त्यांना आधी सभापतिपद आणि सदस्यत्व, दोन्ही सोडावे लागते.