कॅरिबियन देवकार्यांचं ध्वनिमुद्रण: यात करिअर आहे का?

पत्र सांगलीहून आलं आहे. मुलगी साउंड इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, पाच वर्षं पथकात ताशा वाजवते. क्यूबातल्या देवकार्यांत वाजणाऱ्या बाता ढोलांची 1957 च्या सुमाराची रेकॉर्डिंग्ज ऐकल्यापासून तिला अशा मुद्रणाचंच काम करायचं आहे. ती विचारते, दोन लाखांचं सामान घेऊन थेट हवानाला जाऊ का? मुलगी म्हणून मला ते ढोल वाजवायला मिळतील का? आणि वडील विचारतात, यात नोकरी आहे का?

सामान आत्ता घेऊ नकोस आणि तिकीटही काढू नकोस. माइक लावणारे पुष्कळ मिळतात. मुद्रण ऐकून कुठल्या मिनिटाला कुठल्या देवाचं काय चाललं आहे, कोण गातंय, कोण झेलतंय हे नेमकं लिहिणारे फार थोडे आहेत, आणि काम त्यांनाच मिळतं.

तू ऐकलेली रेकॉर्डिंग्ज क्यूबन अभ्यासक लिडिया काब्रेरा आणि त्यांच्या सहकारी जोसेफिना ताराफा यांनी हवाना आणि मातान्सास भागात केली. त्यांच्या 14 एलपी निघाल्या आणि 2001 पासून स्मिथसोनियन फोकवेज या अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रिका-संस्थेने त्यांतला निवडक भाग सीडींवर आणला. पण काब्रेरा त्याआधी कित्येक वर्षं याच लोकांकडे बसून माहिती टिपत होत्या. क्यूबातल्या आफ्रिकी मुळाच्या धर्मांवरचं त्यांचं मोठं पुस्तक 1954 सालीच आलं होतं. टेप नंतर आली. उलट उदाहरण हैतीचं. अ‍ॅलन लोमॅक्स या अमेरिकी लोकसंगीत-संग्राहकांनी 1936-37 मध्ये तिथे 50 तासांहून अधिक मुद्रण अ‍ॅल्युमिनियमच्या तबकड्यांवर केलं, पण त्यातला मोठा भाग दहा सीडींचा संच होऊन लोकांपर्यंत पोचायला 2009 उजाडलं. खरखराट कमी करायचा, हैतीच्या क्रेओल भाषेतली गाणी उतरवून घ्यायची, त्यांचा अर्थ लावायचा, हे काम तुला शिकायचं आहे.

आता बाताकडे येऊ. ढोल तीन असतात: मोठा इया, मधला इतोतेले, लहान ओकोंकोलो. वादक बसून ढोल मांडीवर पखवाजासारखा आडवा घेतात आणि दोन्ही तोंडं वाजवतात. इयाचा वादक मधोमध बसतो. इयाच्या मोठ्या तोंडावर राळेसारखा लेप असतो. आपण पखवाजाच्या धुमाला कणीक लावतो, तसा तो गुंजन आवरतो. इयाच्या गळ्यात घंट्यांचे पट्टे असतात. नवशिक्याची चूक इथेच होते. मुख्य ढोल म्हणून तो इयाजवळ माइक ठेवतो आणि मुद्रणात घंट्याच घंट्या येतात, ओकोंकोलोचा नेमका ठोका बुडतो. शिवाय ढोल आडवे असल्यामुळे सहाही तोंडं बाजूंना असतात आणि समोरच्या माइकला खोडाची बाजू दिसते. म्हणून दोन माइकची जोडी समोर दीड-दोन मीटरवर, वादकांच्या डोक्याच्या उंचीवर ठेवून खाली वळवायची. मुख्य गायक आणि झेलकरी यांच्यासाठी दुसरी जोडी.

पातळी वादक हात गरम करत असताना ठरवलीस तर फसशील, कारण रात्र चढते तसा आवाज चढतो. सुरुवातीची शिखरं उणे 18 डेसिबलच्या आसपास ठेव. ऑटो लेव्हल, म्हणजे पातळी आपोआप वरखाली करणारी सोय, कायम बंद. ती चालू राहिली तर प्रत्येक जोरकस थापेनंतर गाणं खाली दबतं आणि मग फुगून वर येतं, आणि हा दोष नंतर काढता येत नाही. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट स्टिरिओला तासाला साधारण 1 जीबी लागतो. दोन जोड्या आणि आठ तासांचं कार्य धरलं तर 17 जीबी, आणि त्याच रात्री दुसरी प्रत. वेळेआधी पोच. कार्याच्या आरंभी देवघरासमोर फक्त ढोलांचा क्रम वाजतो, गाणं नसतं. तो वाटा उघडणाऱ्या एलेग्वा या देवापासून सुरू होतो. तो हुकला तर पुन्हा वाजवा म्हणता येत नाही.

परवानगी तीन वेगवेगळ्या गोष्टींची घे: मुद्रणाची, संग्रहात ठेवण्याची आणि इंटरनेटवर टाकण्याची. पहिली दिली म्हणजे तिसरी दिली, असं होत नाही. अंगात आलेल्या माणसाबद्दल घरच्यांना वेगळं विचार. रेकॉर्डर बंद कर म्हणाले तर बंद.

वाजवण्याबद्दल स्पष्ट सांगते. ज्या ढोलांत आन्या या देवतेची स्थापना झालेली असते, त्यांना परंपरेने स्त्रिया हात लावत नाहीत. त्यावर तिथेही वाद आहेत, पण पाहुणीने तो तिथे जाऊन सोडवायचा नसतो. स्थापना न झालेल्या ढोलांवर स्त्रिया शिकतात आणि वाजवतात. ताशाने तुझा कान तयार केला आहे, तो तीन ढोलांची गुंफण सोडवायला कामी येईल.

सराव घरीच सुरू कर. फोकवेजच्या अल्बमच्या टिपणपुस्तिका फुकट उतरवता येतात. पुस्तिका न उघडता एक गाणं ऐक, मिनिट-सेकंदांसह नोंद लिही आणि मग ताडून पाहा. लोमॅक्स यांचं 1962 चं कॅरिबियन मुद्रणही त्यांच्या डिजिटल संग्रहात ऐकायला खुलं आहे. मग तुमच्याच भागातल्या गोंधळ्यांना विचारून एक पूर्ण गोंधळ मुद्रित कर. संबळ कडाडतो आणि तुणतुणं जेमतेम ऐकू येतं, म्हणजे अडचण बाताइतकीच खरी आहे. एका तासाच्या मुद्रणामागे नोंदींचे आठ-दहा तास धर. त्यातली एक प्रत गोंधळ्यांच्या घरी पोचती कर.

जुन्या टेपांचं कामही शिक, कारण पगारी काम तिथे जास्त आहे. एक उदाहरण: क्यूबात विजेची वारंवारता 60 हर्ट्झ आहे. जुन्या टेपवरची वीज-गुणगुण 58.5 वर मोजली गेली, तर टेप अडीच टक्के हळू चालते आहे आणि गाणं जवळपास पाव स्वराने उतरलं आहे. मात्र मुद्रण जनरेटरवर झालं असेल तर हा हिशेब धरू नकोस. म्हणून वीज कुठून घेतली, हेही नोंदवहीत लागतं. आणि मूळ फाइलवर नॉइज रिडक्शन कधीही लावायचं नाही, ते फक्त प्रतीवर.

भाषेशिवाय पुढे जाता येणार नाही. क्यूबासाठी बी2 पातळीची, म्हणजे न अडखळता बोलता येईल इतकी, स्पॅनिश हवी. रोज तास दिला तर दीड-दोन वर्षं. गाणी मात्र पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा भाषेतून आलेल्या लुकुमी या पूजेच्या भाषेत असतात, ती तिथल्या जाणत्यांकडूनच शिकायची. स्पॅनिश जड वाटली तर त्रिनिदादचा ओरिशा धर्म किंवा जमैकाचा कुमिना घे, तिथे इंग्रजीवर सुरुवात होते. क्यूबात पर्यटक व्हिसावर संशोधन करू नकोस. यजमान संस्थेमार्फत शैक्षणिक व्हिसा घ्यावा लागतो.

शिक्षणासाठी दोन टप्पे धर. आधी भारतात ध्वनीचा पाया पक्का कर. एफटीआयआयचा ध्वनिमुद्रणाचा अभ्यासक्रम चांगला आहे. गुरुग्रामचं एथ्नोम्युझिकॉलॉजीचं (संगीताचा समाज-संस्कृतीच्या अंगाने अभ्यास) अभिलेखागार 1982 पासून चालू आहे, तिथे काही महिने काम मिळतंय का ते विचार. मग एथ्नोम्युझिकॉलॉजीत एम.ए. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाकडे स्वतःचं मोठं पारंपरिक संगीत-अभिलेखागार आहे, त्यामुळे वर्ग आणि टेपा एकाच ठिकाणी मिळतात.

बाबांना सांग, कायम नोकऱ्या मोजक्याच आहेत. बहुतेक काम एक-दोन वर्षांच्या प्रकल्पांचं असतं आणि मधले महिने रिकामे जातात. त्या महिन्यांसाठी चित्रपटांच्या लोकेशन साउंडचं काम हातात ठेव, कौशल्य तेच आहे. अर्ज करताना वाद्यवादनाचा व्हिडिओ जोडू नकोस. गोंधळाच्या मुद्रणातली न कापलेली वीस मिनिटं, त्यांची मिनिटवार नोंद आणि परवानगीचा कागद, एवढंच पाठव.