जाणीव नाही तिथे घड्याळ

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

मज्जारज्जूतील गाठ निघाली, टाके वाळले, काठी टेकत का होईना तू चालू लागलास. मग दर वर्षी मूत्रपिंडांची सोनोग्राफी कशाला, हा तुझा प्रश्न रास्त आहे. परंतु 'मला काहीच त्रास होत नाही' हे त्यापुढचे वाक्य वाचून माझा संताप झाला. त्रासाची वर्दी मेंदूपर्यंत नेणारी वाटच जिथे अडली आहे, तिथे त्रास कळणार कसा? म्हणून जाणिवेवर विसंबू नकोस, घड्याळावर चाल.

लघवी लागो वा न लागो, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वेळी, बहुधा दर चार ते सहा तासांनी, कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालून मूत्राशय रिकामे करायचे. ते तुंबत राहिले की दाब मागे मूत्रपिंडांवर जातो आणि वर्षानुवर्षे काहीही न दुखता ती निकामी होत जातात. मूत्रपिंडांचे काम जोखणारी रक्तातील क्रिएटिनिनची तपासणीही स्नायू रोडावलेल्या माणसात फसवी असते, म्हणून ती सोनोग्राफी. पहिल्या महायुद्धात पाठीच्या कण्याला गोळी लागलेले सैनिक पुढे बहुतांशी मूत्रसंसर्गाने आणि एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमांनी, म्हणजे शय्याव्रणांनी, दगावले. 1944 मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात डॉक्टर लुडविग गुटमन यांनी दर दोन तासांनी रुग्णांची कूस बदलण्याची शिस्त लावली, तीही घड्याळावरच.

मला लोक हेकट म्हणतात. भाचीच्या लग्नात अक्षता पडत असताना माझ्या कॅथेटरची वेळ झाली म्हणून मी उठून गेलो, त्याचा राग काही जणांच्या मनात अजून आहे. फिरतीची बढती नाकारली, तिची हळहळ मलाही वाटते. पण माझी दोन्ही मूत्रपिंडे शाबूत आहेत, आणि हा हिशेब मी कोणापुढेही मांडायला तयार आहे.

त्वचेचेही तेच. रोज रात्री आरशात माकडहाड आणि टाचा पाहा. दाबूनही न जाणारा लाल डाग दिसला तर त्या जागेवर भार देऊ नकोस. एक गोष्ट मात्र घड्याळाची वाट पाहणारी नाही: काही वर्षांनी हाताला गरम-गार कळेनासे झाले, पकड सैल झाली किंवा नवी वेदना वर सरकू लागली, तर मज्जारज्जूत द्रवाची पोकळी तयार होत असू शकते. तेव्हा 'वयोमान' म्हणून बसू नकोस, लगेच डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचार.

पुढच्या पत्रात सोनोग्राफीचा अहवाल आणि लघवीनंतर मूत्राशयात किती मिलिलिटर उरते तो आकडा लिही. नुसते 'बरे आहे' लिहिलेस तर मी उत्तर पाठवणार नाही.

तुझा,
काका