आईचं वय झालंय, की हा आजार आहे?

"म्हातारपणी माणूस काळजी करणारच. त्याला काय आजार म्हणायचं?" मुलं-सुना मला हे नेहमी विचारतात. अमळनेर तालुक्यातल्या एका आजींची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय ६८. मुलगा पुण्याला. त्याला दिवसाला आठ-दहा फोन. उचलला नाही की छातीत धडधड, तळहाताला घाम. ईसीजी तीनदा काढला, तिन्ही नॉर्मल. मग घरात "नाटक" हा शब्द सुरू झाला. त्या शब्दाचा मला फार राग येतो. माझ्यासमोर बसून आजी पदर बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. "ताई, मना जीव घाबरस," एवढंच म्हणाल्या. काळजीचं नावसुद्धा काढलं नाही. या वयात ती बहुधा छाती, पोट, झोप यांतूनच बोलते. (छातीत नव्याने दुखलं तर मात्र आधी दवाखानाच.)

"काय काय करायचं सोडलंत?" मी विचारलं. कानबाईच्या रोटांना (खानदेशातला श्रावणातला कुळाचार) धुळ्याला सगळे भाऊबंद जमतात. तिथे त्या दोन वर्षं गेल्या नव्हत्या. वाटेत काही झालं तर? काळजी सहा महिन्यांहून जास्त, जवळजवळ रोज, आवरता न येणारी आणि जगणं आकसून टाकणारी असेल, तर तो चिंताविकार. तो वयाचा भाग नाही आणि त्यावर उपचार आहेत.

थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घेतलं. औषधांच्या पिशवीत झोपेच्या गोळ्यांची पट्टी निघाली. चार वर्षं मेडिकलवरून परस्पर आणलेली. या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो, विसरायला होतं. पण एकदम बंद केल्या तर त्रास वाढतो. मानसोपचारतज्ज्ञांनी त्या हळूहळू उतरवल्या आणि दुसरं औषध दिलं. त्याचा गुण यायला चार-सहा आठवडे लागतात. तेवढ्यात घरचे धीर सोडतात, म्हणून ते आधीच सांगून ठेवलं.

माझं काम होतं मुलाला जाणाऱ्या त्या फोनचं. "मी बरा आहे" ऐकलं की आजींना दहा मिनिटं बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. म्हणून फोन रात्री ८ वाजता, एकदाच. मधल्या वेळी धडधड झाली तर ती आपोआप किती मिनिटांत ओसरते, ते नातवाने कॅलेंडरवर लिहायचं. पहिल्या दिवशी ४०. तिसऱ्या आठवड्यात १२.

घराजवळ कुणी तज्ज्ञ नसेल तर १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

यंदा श्रावणात आजी धुळ्याला गेल्या. एसटीत धडधड झालीच, पारोळ्यापर्यंत. सुनेचा हात धरून बसून राहिल्या, उतरल्या नाहीत.