इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरचं पॅनेल काच पुसायच्या स्प्रेनं साफ केलं तर चालेल का?

नाही. फडकं खाली ठेवा, स्प्रेची बाटली दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा, आणि मग पुढचं वाचा.

तुम्ही लिहिलंय की जाळीवर धुळीचा थर दिसतो, डावा स्पीकर उजव्यापेक्षा मंद वाटतो, दमट दिवशी चटचट होते, आणि घरातले म्हणतात की स्प्रे मारून पुसून टाक, एवढं काय त्यात. ते 'एवढं काय त्यात' वाचलं आणि मला राहवेना. आमच्या घरी हेच वाक्य आठ वर्षांपूर्वी बोललं गेलंय.

बाबांची जोडी होती. छातीएवढे उंच पॅनेल, पुढून-मागून भोकाभोकांची जाळी, मध्ये तो पारदर्शक पडदा, जो थरथरून आवाज काढतो. रोज सकाळी त्यावर आधी नुसता तानपुरा लावायचे. त्याची गुंजणारी जवारी दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्ये उभी राहिली की मगच पुढचं गाणं. दर दोन-तीन महिन्यांनी रात्री दोन्ही प्लग भिंतीतून काढून ठेवायचे आणि सकाळी व्हॅक्यूम क्लीनरला मऊ केसांचा ब्रश लावून दोन्ही बाजूंनी जाळी ओढून घ्यायचे. ते काम दुसऱ्या कुणाला करू देत नसत.

बाबा गेल्यानंतर वर्षभर स्पीकरला कुणी हात लावला नाही. मग दादा सुट्टीला आला. दादा इलेक्ट्रिकल इंजिनिअर. धूळ बघून म्हणाला, "अगं, एवढं काय त्यात, पाच मिनिटांचं काम आहे," आणि स्प्रे घेऊन बसला. प्लग त्यानं काढला, पण पुसायच्या मिनिटभर आधी. डाव्या स्पीकरवर खालपासून वरपर्यंत फवारा मारला, फडक्यानं जाळी चकाचक केली. तेवढ्यात त्याला फोन आला आणि उजवा तसाच राहिला.

संध्याकाळी तानपुरा लावला. पहिली दोन मिनिटं ठीक. मग डाव्या बाजूनं टिक, टिक, टिक. दिवा घालवला तर कोपराच्या उंचीवर जाळीआड निळसर ठिणगी दिसली, नखाच्या टोकाएवढी, दर टिकेला एक. मी स्विचपर्यंत पोचेपर्यंत जळका वास आला होता. दुसऱ्या दिवशी डावा जेमतेम कुजबुजत होता आणि तानपुरा सगळा उजव्या कोपऱ्यात जाऊन बसला होता. दुरुस्तीवाल्यानं पॅनेल गेलं म्हणून सांगितलं. दादा म्हणाला, "जुनंच होतं, जाणारच होतं." आजही हेच म्हणतो.

दादा, जाणार नव्हतं. दोन्ही पॅनेल एकाच दिवशी घरात आली, एकाच खोलीत राहिली, तेवढेच तास वाजली, वर्षभराची धूळही दोघांवर सारखीच. उजवं मी पंधरा दिवसांनी बाबांच्या पद्धतीनं साफ केलं आणि ते आजही वाजतंय. डावं बदललं तेव्हा जुनं पॅनेल मी मागून घेतलं, माझ्या कपाटात आहे. टॉर्च तिरका धरला की थेंब सुकल्याचा ओघळ दिसतो, आणि त्या ओघळाच्या टोकाशीच मोहरीएवढं तपकिरी भोक आहे.

आता हे का होतं ते सांगते, म्हणजे तुमच्या घरच्यांनाही सांगता येईल. पडदा प्लास्टिकच्या फिल्मचा, काही मायक्रॉन जाडीचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा कितीतरी पातळ. त्यावर काही हजार व्होल्टचा चार्ज सतत ठेवलेला असतो, आणि तो देणारी सर्किट मेगाओहमच्या, म्हणजे लाखो ओहमच्या, रोधातून थेंबथेंब देते. करंट जवळजवळ शून्य. त्यामुळे थोडीशी गळतीसुद्धा त्या सर्किटला भरून काढता येत नाही. व्होल्टेज खाली येतं आणि त्याबरोबर आवाजही. धूळ आणि दमट हवा एकत्र आली की अशी गळती सुरू होते. तुमचा डावा मंद पडण्याचं सर्वांत साधं कारण हेच असू शकतं, म्हणजे पॅनेल गेलेलं नसून मळलेलं असेल. स्प्रेमधला साबणासारखा अंश तर जाळीतून आत जाऊन सुकतो आणि वीज वाहायला कायमची पायवाट करून ठेवतो. वर पडद्यावरचा, चार्ज धरून ठेवणारा लेप त्यानं विरघळू शकतो ते वेगळंच. चटचट ही अनेकदा जाळी आणि पडद्याच्या मध्ये अडकलेल्या तंतूची किंवा केसाची असते.

साफ करण्यात अवघड काही नाही. प्लग भिंतीतून काढा आणि किमान ६ तास थांबा. मी रात्रभर थांबते. चार्ज असेपर्यंत धूळ चिकटून बसते, उतरला की सुटते, आणि ब्रशबरोबर करड्या नमद्यासारखी पट्टी निघून येते. ब्रश मऊ हवा, पुढून आणि मागून दोन्हीकडून फिरवायचा, वरून खाली. पडदा किंचित ओढला जाऊन परत जागेवर जाताना दिसेल, घाबरू नका. हवेच्या फवाऱ्याचा डबा वापरू नका, त्यानं धूळ आणखी आत जाते. धूळ ओढायची असते, फुंकायची नसते. जाळी उघडायला जाऊ नका, आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, प्लग काढल्यावरही चार्ज राहू शकतो. नंतर काही तास प्लग लावून ठेवा आणि मगच आवाजाचा निकाल द्या.

त्याआधी एक करा. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून डाव्या-उजव्या केबल्स अदलाबदल करा. मंदपणा उजवीकडे गेला तर दोष स्पीकरचा नाहीच, आणि तुम्ही उगाच पॅनेलच्या मागे लागला आहात.

वाजत नसताना मी सुती कापड टाकून ठेवते, वाजवण्याआधी काढते. दमट दिवसांत खोलीची हवा कोरडी ठेवण्यावर लक्ष देते. खोलीत कुणी सिगारेट ओढत असेल तर ती बाहेर ओढायला सांगा. धुराचा चिकट थर ब्रशनं निघत नाही.

एक महत्त्वाची गोष्ट मघाशीच सांगायला हवी होती. वरचं सगळं उघड्या जाळीच्या पॅनेलसाठी आहे, मार्टिनलोगन कंपनीच्या असतात तशा. तुमची जोडी क्वाड कंपनीची असेल, १९५७चं ईएसएल मॉडेल असो की १९८१चं ईएसएल-६३, तर तिथे पॅनेलच्या पुढे-मागे धूळ अडवणारी वेगळी पातळ फिल्म असते. व्हॅक्यूमनं ती ओढली जाऊन फाटू शकते. तिथे बाहेरची जाळीच तेवढी हलक्या हातानं झटका. फिल्मला भोक पडलं असेल तर काम जाणकाराकडे द्या.

आणि हो, लेप वयानं उतरतो हे खरंच आहे. काही जण पॅनेल काढून शुद्ध पाण्यानं धुतात आणि ती पुन्हा वाजतात, हेही खरं. पण लेप कुठल्या प्रकारचा आहे हे माहीत नसेल तर मी पाणी लावणार नाही. वयानं उतरणारा आवाज वर्षावर्षांनी उतरतो. सकाळी स्प्रे मारला आणि संध्याकाळी ठिणगी पडली, याला वय म्हणत नाहीत.

जोडी कुठली आहे आणि केबल्स बदलल्यावर मंदपणा कुठल्या बाजूला गेला, ते खाली लिहा.