मेमरी क्लॉक वाढवला, फ्रेम मात्र घटल्या

प्रश्न : ग्राफिक्स कार्डाचा मेमरी क्लॉक (मेमरीचा वेग) आफ्टरबर्नर या क्लॉक बदलण्याच्या सॉफ्टवेअरमधून बराच वाढवला. गेम बंद पडत नाही, पण फ्रेम रेट आधीपेक्षा कमी येतो. असं का?

उत्तर : मेमरीला तो वेग झेपत नाहीये. नव्या कार्डांत डेटा चुकला की तो पुन्हा पाठवला जातो. त्यामुळे गेम कोसळत नाही, नुसता वेळ वाया जातो. कोअर (कार्डाची मुख्य चिप) आणि मेमरी, दोन्हींचे क्लॉक मूळ जागी आणा. आधी फक्त कोअर १५-१५ मेगाहर्ट्झने चढवा, दर टप्प्याला तोच बेंचमार्क (वेग मोजणारी चाचणी) चालवा. ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) कोसळला की ३०ने मागे या. मग मेमरी १००-१००ने. बेंचमार्कचा आकडा वाढायचा थांबला की एक पायरी उतरा, क्रॅशची वाट कशाला पाहायची? व्होल्टेजला हात लावू नका : उष्णता फार, फायदा किरकोळ. आणि विंडोजबरोबर सेटिंग आपोआप लागू होण्याचा पर्याय आठवडाभर तरी बंदच ठेवा.