पार्किंगखालची रिकामी टाकी

प्रश्न : नागपूरच्या बेसा भागात आमची 96 फ्लॅटची स्कीम आहे. प्लॉट साधारण 2 एकरांचा. पार्किंगखाली बिल्डरनं पावसाच्या पाण्यासाठी 2 लाख लिटरची टाकी बांधून दिली आहे, पण ती कायम रिकामी. तळाशी 5 इंची भोक आहे, त्यातून सगळं पाणी रस्त्याच्या नालीत जातं. उन्हाळ्यात आम्ही टँकर विकत घेतो, म्हणून कमिटीतले काही म्हणतात, भोक बुजवा आणि टाकी भरून ठेवा. बाकीचे म्हणतात, मागच्या पावसात टाकी काठोकाठ भरली होती, तर भोक मोठं करून 12 इंची पाइप टाका. कोणाचं ऐकायचं?

उत्तर : कोणाचंच नको. ड्रेनेजचं डिझाइन करण्यात माझी 31 वर्षं गेली, आणि इतका मोजून केलेला आकडा बिल्डरच्या कामात क्वचित दिसतो. ही टाकी पाणी साठवायला नाही, जोराचा पाऊस थोपवून हळूहळू सोडायला आहे. भोकाला हात लावू नका.

तुमचा प्लॉट 8,000 चौरस मीटर धरू. एक चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. तासाभरात 50 मिलिमीटर कोसळला, की तुमच्या हद्दीत 4 लाख लिटर पाणी पडलं. तिथं तूर आणि कपाशी उभी होती तेव्हा यातला तिसरा हिस्सा, म्हणजे एक लाख तीस-चाळीस हजार लिटर, वाहून नाल्याला लागायचा असं मी धरते. (काळी माती भिजून फुगली की ती फारसं पीत नाही, तेव्हा ऐन श्रावणात जास्तही वाहत असेल.) आता तिथं स्लॅब आहे, पेव्हिंग ब्लॉक आहेत, सिमेंटचा रस्ता आहे. शंभरातले पंच्याऐंशी लिटर सरळ वाहतात, म्हणजे तीन लाख चाळीस हजार. वाढलं किती? 2 लाख लिटर. तीच तुमची टाकी.

आता ते भोक. टाकीत दीड मीटर पाणी चढलं की 5 इंची भोकातून सेकंदाला साधारण 40 लिटर बाहेर पडतं. तासाला एक लाख चव्वेचाळीस हजार. शेत असताना नाल्याला जेवढं पाणी लागायचं, जवळपास तेवढंच आजही लागतं. पाऊस थांबला की भरलेली टाकी तीनेक तासांत रिकामी होते आणि पुढच्या सरीला जागा तयार.

12 इंची पाइप टाकला तर भोकाचं क्षेत्रफळ पावणेसहा पट होईल. टाकी भरणारच नाही, तुमची कमिटी खूश. पण ते पाणी उताराच्या लेआउटमध्ये लोकांच्या ओट्यावर चढेल. मागच्या वर्षी टाकी काठोकाठ भरली, याचा अर्थ त्या दिवशी तिनं पगार वसूल करून दिला. फक्त काठावरून जास्तीचं पाणी जायला वेगळी वाट ठेवली आहे ना, तेवढं बघून घ्या. ती नसेल तर मात्र काळजीचं आहे.

आणि बुजवणाऱ्यांसाठी एक अनुभव. मानेवाड्याकडच्या एका स्कीमनं, मी नको नको म्हणत असताना, अशीच टाकी जुलैत भरून ठेवली. पोळ्याच्या आसपास रात्री मोठा पाऊस झाला. पाण्याला जागा कुठे होती? चेंबरची झाकणं उचलून ते पार्किंगमध्ये आलं आणि लिफ्टच्या खड्ड्यात उतरलं. लिफ्ट दुरुस्तीचं बिल त्या उन्हाळ्यातल्या सगळ्या टँकरपेक्षा मोठं होतं. सेक्रेटरी अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

खोटी आशा मात्र देत नाही. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, मोरभवन बसस्थानकात बसा पाण्यात उभ्या होत्या. अशा रात्री तुमची टाकी पहिल्या तासाचा भार घेईल, पुढे नाही. पण नाग नदीला मिळणाऱ्या नाल्यांवर प्रत्येक नव्या स्कीमनं एवढं केलं असतं, तर नाल्यांना तो एक तास तरी मिळाला असता. मुंबईत दादरच्या हिंदमाता चौकात तुंबणारं पाणी धरायला प्रमोद महाजन कला उद्यानाखाली टाक्या बांधाव्या लागल्या, त्या अशाच कारणानं.

टँकरचं दुखणं खरं आहे, पण त्याचं औषध गच्चीवर आहे. गच्चीचं पाणी वेगळ्या पाइपानं उतरवा, पहिल्या सरी सोडून द्या, मग फिल्टरमधून बोअरला द्या. मोठ्या प्लॉटवर पावसाचं पाणी जिरवणं नियमानं बंधनकारक आहेच, तेव्हा नकाशात ती सोय दाखवलेली असणार. शोधा. पार्किंगचं ऑइल मिसळलेलं पाणी बोअरमध्ये सोडू नका. आणि काळ्या मातीत इमारतीच्या पायाला लागून शोषखड्डा तर अजिबात नको, ती माती फुगते आणि भिंतींना तडे देते.

प्रश्न : मनीषनगरच्या आमच्या सोसायटीत अशाच टाकीतून वास येतो, डासही झालेत. माणूस उतरवून साफ करून घ्यावी का?

उत्तर : आधी माणूस उतरवणं थांबवा. पावसाच्या टाकीला वास येतो याचा अर्थ बहुधा कोणीतरी संडासाची किंवा स्वयंपाकघराची लाइन तिला जोडली आहे, आणि गडरच्या, म्हणजे सांडपाण्याच्या, पाण्यातला वायू बंद टाकीत दोन श्वासांत माणूस पाडतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. झाकणं उघडून, ब्लोअर लावून, वरूनच सक्शन मशीननं गाळ काढा. मग एकेका फ्लॅटच्या सिंकमध्ये रंगीत पाणी सोडून चुकीचा जोड शोधा.

डासाला अंड्यापासून उडायला आठवडा-दहा दिवस पुरतात. तुमच्या टाकीत पाणी इतके दिवस उभं राहत असेल तर भोकात पानं आणि प्लास्टिक अडकलंय. भोकाच्या आतल्या बाजूला जाळीची टोपली लावा, ती मृगाच्या आधी आणि मग दर पंधरा दिवसांनी वर काढून झटका. चौकीदाराला जमतं. झाकणं उघडी असताना मात्र भोवती दोरी बांधा, तुमच्या पार्किंगमध्ये पोरं सायकल चालवतात.