मालवणहून आलेली मातीची पुडी

प्रश्न : ताई, नमस्कार. मी कसबा बावड्याचा. पंचगंगेकाठी आमचं दोन एकर काळं रान आहे, आजोबांपासून ऊसच. गेल्या वर्षी मावशी गेली आणि मालवण तालुक्यातलं तिचं चाळीस गुंठ्यांचं आगर माझ्या नावावर झालं. समुद्र हाकेच्या अंतरावर, मागच्या अंगाला खाडी. दहा-बारा जुने माड आहेत, बाकी जागा मोकळी. मातीपरीक्षण करून घेतलं. वाळू 68 टक्के, गाळकण 20, चिकणमाती 12. सामू (पीएच) 7.9, क्षारता 0.42, सेंद्रिय कर्ब 0.31, चुनखडी 6 टक्के. पोत 'वाळूमिश्रित पोयटा' असा लिहिलाय. पण मला तर ती निव्वळ पुळण दिसते. ओळखीतला एक कृषी पदवीधर म्हणाला, ही 'सॅमेंट' जमीन, वाळूच, नादाला लागू नका. खरं कुणाचं धरायचं? आणि इथली काळी माती वीस टिपर नेऊन पसरली तर रान सुधारेल का? सोबत मातीची पुडी पाठवतो आहे.
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : पुडी पोचली. आतल्या प्लास्टिकच्या पिशवीला गाठ मारलीत आणि चिठ्ठीवर 'वरचा 20 सेंटिमीटर थर' असं लिहून पाठवलंत, हे फार बरं केलंत. त्या एका ओळीमुळेच तुम्हाला नीट उत्तर देता येतंय.

आधी हाताला काय कळलं ते सांगते. चमचाभर माती तळहातावर घेतली आणि थेंबथेंब पाणी घालून मळली. सुपारीएवढी गोळी झाली, टेबलावर ठेवल्यावरही टिकली. पुळणीची अशी गोळी होत नाही, ती हात उघडला की सांडते. मग अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दाबत पट्टी काढली. जेमतेम दोन सेंटिमीटर निघाली आणि तुटली. तुमच्या बावड्याच्या रानातली माती असती तर पाच-सात सेंटिमीटरची चकचकीत पट्टी लोंबली असती. शेवटी तीच ओली माती कानाशी नेऊन बोटांत चोळली. करकर स्पष्ट ऐकू आली, पण बोटांवर पिठासारखा पातळ लेपही राहिला. करकर वाळूची, लेप गाळकणांचा आणि चिकणमातीचा. प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली, तरी उपकरणाच्या आधी मी कानावरच विश्वास ठेवते.

भिंगाखाली आणखी मजकूर सापडला. काचेसारखे गारगोटीचे कण, शिंपल्यांचे पांढरे चुरे आणि मधे मधे चमकदार काळे कण. कागदाखालून लोहचुंबक फिरवलं तर त्यातले थोडे काळे कण मागोमाग सरकले. व्हिनेगरचे दोन थेंब टाकल्यावर शिंपल्याच्या तुकड्यांभोवती बारीक बुडबुडे आले. तुमचा सामू 7.9 कशामुळे आणि चुनखडी 6 टक्के कुठून, याचं उत्तर तिथंच आहे. राधानगरी ओलांडून फोंडा घाट उतरताना दिसणारी जांभ्याची लाल माती आम्ल असते. तिथून तासा-दोन तासांवर, किनाऱ्यावर आलं की शिंपल्यांमुळे सामू पुन्हा वर चढतो. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसलं, तर आधी लोहाची कमतरता आठवा.

आता पोत. अहवाल बरोबर आहे. वाळू कितीही जास्त दिसली तरी पोत ठरतो तो तिन्ही कणांच्या मेळावर. साधा हिशेब करा: गाळकणांच्या टक्क्यांत चिकणमातीची दुप्पट मिळवा. 20 अधिक 24 म्हणजे 44. ही बेरीज 30 किंवा त्याहून जास्त, वाळू 52 टक्क्यांच्या वर आणि चिकणमाती 20 च्या आत असेल, तर ती वाळूमिश्रित पोयटा. बेरीज 30 च्या खाली घसरली की ती पोयटामिश्रित वाळू होते आणि आणखी खाली गेली की नुसती वाळू. चिकणमाती बाराच टक्के असली तरी काम फार मोठं करते. पाणी आणि अन्नद्रव्यं धरून ठेवण्याचा बराचसा भार त्या बारा टक्क्यांवर आणि सेंद्रिय कर्बावर आहे. तुमचा कर्ब 0.31 म्हणजे कमीच, तो वाढवण्यावर पहिला खर्च करा.

राहिलं 'सॅमेंट'. पोत हे मातीच्या घडणीचं नाव आहे, सॅमेंट हे वर्गीकरणातलं. दोन्ही नावं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. आपल्याकडे नागपूरचा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो जी पद्धत वापरतो, ती अमेरिकेत 1975 मध्ये छापली गेली आणि 1999 मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यात गणापासून मालिकेपर्यंत सहा पायऱ्या आहेत आणि सर्वांत वर बारा गण. तुमचं बावड्याचं भेगाळणारं काळं रान व्हर्टिसॉल गणात जाईल. ज्या जमिनीत थर अजून घडलेलेच नाहीत, अशा तरुण जमिनींचा गण एन्टिसॉल. समुद्रानं आणि खाडीनं अलीकडे आणून टाकलेली माती बहुतेक वेळा त्यातच येते. सॅमेंट हा एन्टिसॉलचा वाळूवाला उपगण.

पण सॅमेंट म्हणायला अट कडक आहे. साधारण 25 सेंटिमीटरपासून 100 सेंटिमीटरपर्यंतच्या पट्ट्यात माती सगळीकडे पोयटामिश्रित बारीक वाळू किंवा त्याहून जाड असली पाहिजे. आणि तुमचा नमुना वरच्या 20 सेंटिमीटरचा! ज्या पट्ट्यावर निकाल लागतो, त्यातला एक कणही पुडीत नाही. खालपर्यंत हीच माती असेल तर ती सॅमेंट नाही, तुमचा तो पदवीधर चुकला. खाली 25 सेंटिमीटरच्या आतच निव्वळ पुळण लागली आणि मीटरभर खोलीपर्यंत तशीच राहिली, तर तो बरोबर. आज तुम्हा दोघांपैकी कुणालाच खरं ठरवता येत नाही. कुदळ मारल्याशिवाय इलाज नाही.

हे इतक्या आग्रहानं सांगण्याचं कारण माझ्या घरातलं आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी थोरल्या नणंदेनं वेंगुर्ल्याकडच्या आगरातली माती मला दाखवायला आणली. मी वरचाच नमुना तपासला, क्षार नाहीत, पोत चांगला, असं सांगून टाकलं. त्यांनी तीस माड लावले. चौथ्या उन्हाळ्यात झाडं जागच्या जागी थांबली. एका झाडाशेजारी खणलं तेव्हा 80 सेंटिमीटरवर शिंपल्यांचा दगडासारखा घट्ट थर निघाला, तिकडे त्याला करळ म्हणतात. मुळं त्या थरावर येऊन आडवी वळली होती, पितळेच्या तबकावर शेवया पसरल्यासारखी. नणंद मला एका शब्दानं बोलली नाहीत. तीस खड्डे मात्र पुन्हा खणावे लागले, पहार लावून थर फोडावा लागला. तेव्हापासून किनाऱ्यावरच्या जमिनीला मी खड्डा न बघता नाव देत नाही.

तेव्हा तुम्ही दोन खड्डे घ्या. एक समुद्राच्या बाजूला, एक खाडीच्या. दीड मीटर खोल, आत उतरून उभं राहता येईल इतके रुंद. एप्रिल-मेमध्ये घ्या, पावसाळ्यात ती भिंत उभी राहणार नाही. उन्हाकडची बाजू खुरप्यानं तासून ताजी करा आणि वरून खाली बघत या. रंग कुठे बदलतो? हात कुठे जास्त खरखरीत लागतो? ढेकूळ बोटांनी फोडल्यावर कडा दिसतात की नुसता भुगा होतो? निदान 15 सेंटिमीटर जाडीच्या थरात माती बांधली गेली असेल, रंगही बदलला असेल, तर ती तरुणपण सोडून इन्सेप्टिसॉल गणाकडे सरकली. थरांमधे मधेच काळसर, पाल्यापाचोळ्याची पट्टी दिसली आणि कर्ब कमी-जास्त होत खाली गेला, तर ती फ्लुव्हेंट, म्हणजे एन्टिसॉलचाच पुराच्या गाळाचा उपगण. खाडीच्या बाजूला तीच निघण्याचा संभव मला जास्त वाटतो. आणि वरच्या अर्ध्या मीटरमध्ये राखाडी मातीवर गंजाचे डाग असतील, तर पाणी तिथं बराच काळ साठून राहतं. तसं असेल तर माड उंचवट्यावर लावावे लागतील. प्रत्येक थराची वेगळी पिशवी भरा, खोली लिहा. कोकणात पाऊस मुसळधार पडला तरी नंतर माती 90 दिवसांहून जास्त कोरडी राहते, म्हणून नावात बहुधा 'उस्टि' हा तुकडा येईल; उस्टिफ्लुव्हेंट, किंवा इन्सेप्टिसॉल निघाली तर हॅप्लुस्टेप्ट असं काही. खाली चिकणमाती 18 टक्क्यांच्या आत राहिली, तर पुढे 'जाड पोयटी' हे कूळही लागेल.

काळ्या मातीचे वीस टिपर नेऊ नका, माझं मन त्याला तयार नाही. टिपरमागे दोन ब्रास धरले तरी चाळीस ब्रास. चाळीस गुंठ्यांवर पसरल्यावर थर पावणेतीन सेंटिमीटरचा होतो. वीतभर खोल माती बदलायची तर दोनशेहून जास्त ब्रास लागतील. शिवाय काळी माती वाळूत मिसळत नाही, ढेकळं तशीच राहतात आणि वर पापुद्रा धरतो. हलक्या रानात तलावाचा गाळ घालतात हे मला ठाऊक आहे, पण तो वाळवून, भुगा करून, दरवर्षी थोडा थोडा. त्या भाड्यात तुम्हाला कितीतरी शेणखत मिळेल. आगरात नारळाची सोडणं (वरची जाड सालं) फुकट पडलेली असतात, ती आळ्याभोवतीच्या चरात पोकळ बाजू वर करून थर लावून पुरा. ती पाणी धरून ठेवतात आणि सावकाश कुजतात. झावळ्या जाळू नका. ताग पेरा.

पाण्याची सवय बदलावी लागेल. बावड्यात एकदा पाट सोडला की पंधरा दिवस निवांत. मालवणच्या आगरात मीटरभर खोल मातीत पिकाला मिळेल असं पाणी साधारण 10 ते 12 सेंटिमीटर राहतं, काळ्या रानात त्याच्या दीडपट-दुप्पट. जास्त दिलेलं पाणी खाली निघून जातं आणि युरिया, पालाशही सोबत नेतं. म्हणून थोडं आणि वारंवार द्या, खतही तीन-चार हप्त्यांत.

आणि विहिरीवर पाच अश्वशक्तीची मोटर लावायची घाई करू नका. किनाऱ्याला गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या पातळीपेक्षा एक मीटर वर असेल, तर त्याखाली सुमारे 40 मीटर गोडं पाणी तोललेलं असतं. उपसा करून वरची पातळी अर्धा मीटर उतरवलीत, की खालून खारं पाणी वीस मीटर वर येऊ पाहतं. आज मातीची क्षारता 0.42 आहे, निर्धास्त राहण्याजोगी. दोन उन्हाळ्यांच्या बेसुमार उपशानं ती बिघडू शकते. विहिरीचं पाणी पावसाळ्यानंतर नव्हे, वैशाखात तपासा. माडाला थोडं खारट चालतं, क्लोराईड तर त्याला हवंच असतं. मधल्या ओळीतल्या केळीला ते सोसत नाही.

मावशींचे दहा-बारा जुने माड इतकी वर्षं उभे आहेत, म्हणजे त्या मातीनं त्यांना पोसलंय. पहिला खड्डा त्यांतल्या सर्वांत जोमदार माडापासून तीन मीटरवर घ्या. त्याची मुळं कुठवर उतरली आहेत ते आधी मोजा, मग मला कळवा.

प्रश्न : एका पुस्तकात वाळूचा कण 2 ते 0.05 मिलिमीटर दिलाय, दुसऱ्यात 2 ते 0.02. परीक्षेत कोणता लिहू?
— कृषी पदविकेची विद्यार्थिनी, गडहिंग्लज

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत, पद्धती वेगळ्या. 0.05 ही अमेरिकन, 0.02 आंतरराष्ट्रीय. चिकणमातीची 0.002 ची सीमा दोन्हींत एकच. उत्तरात पद्धतीचं नाव लिहिलं की गुण कापले जाणार नाहीत. व्यवहारात मात्र फरक पडतो. 0.05 आणि 0.02 यांच्यामधले कण एकीकडे गाळकण, दुसरीकडे वाळू. त्यामुळे आंतरराष्ट्रीय पद्धतीत तीच माती जास्त वाळूची दिसते. बरणीत करून बघायचं असेल तर 10 सेंटिमीटर पाण्यातून 0.05 चा कण पाऊण मिनिटात तळाशी जातो, 0.002 च्या कणाला सुमारे आठ तास लागतात. बावड्याच्या वाचकांनीही आपल्या अहवालामागची पद्धत कोणती, ते प्रयोगशाळेत विचारून घ्यावं. वरचा 44 चा हिशेब अमेरिकन पद्धतीचा आहे.